वाळूवरची पेटी



आम्ही काही डॉक्टर नव्हे. सातवीनंतर आमची शाळा म्हणजे युनियनची कचेरी आणि कामगार कायद्याची पुस्तके. त्यांतले 1948 च्या कारखाना कायद्याचे 45 वे कलम आम्हांला तोंडपाठ होते. दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी, आणि ती सांभाळायला तशा शिक्षणाचा दाखला असलेला माणूस. पेटी नुसती भिंतीला टांगून भागत नव्हते, हे ध्यानात घ्या.

आता अलिबाग-मुरूडच्या वाळूवर चला. घोडागाडीवाला, शहाळीवाला, बनाना बोटीवरची पोरे, हे सारे कामगारच. पण त्यांना ना हजेरीपट, ना पेटी. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडला पुण्याहून सहलीस आलेले 14 विद्यार्थी बुडाले. अशा वेळी डॉक्टर येतो मागाहून; आधी धावतो तो हाच माणूस.

एकदा आमच्यादेखत एका तरुणाला बाहेर काढले. पोरांनी त्याला पालथा घातला, पोट दाबले, पाय धरून उलटा केला. तो गेला. नीट उपचाराने वाचला असता की नाही, कोण सांगणार? पण ‘पोट दाबा, पोट दाबा’ म्हणून ओरडणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

पुढे त्याच पोरांबरोबर आम्ही वर्गाला बसलो. बुडालेल्याला उणीव पडते ती प्राणवायूची. पोटातले पाणी काढण्यात वेळ दवडायचा नाही. श्वास चालत नसेल तर उताणा निजवून, हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे. मग छातीच्या मध्यावर 30 दाब आणि 2 श्वास, असे न थांबता. दाब पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. तोवर दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. रबरी बाहुलीवर दोन मिनिटांत आमचे दंड भरून आले, पोरे हसली.

वर्ग फुकट होता, तरी पहिल्या दिवशी निम्मी पोरे आलीच नाहीत. रविवार होता, खाडा झाला की रोजी बुडाली. एक बोटमालक म्हणाले, “दाखला त्याचा, पगार आम्ही का द्यावा?” आम्ही म्हटले, “गिऱ्हाईक तुमचे म्हणून!” शिकण्याचा दिवस कामाचा धरावा, एवढीच आमची मागणी. मालक म्हणतात, पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा शिकवा. पण तेव्हा तर पोरे गावी भातलावणीला जातात. बोलणी अजून चालू आहेत. येत्या सोमवारी पुन्हा बसायचे आहे.