नौकेवरील विद्युत्घट

मालवणच्या बंदरातून पहाटेपूर्वी दर्यात शिरणाऱ्या यांत्रिक नौकेवर जो दिवा खलाशांच्या हातातील जाळे उजळतो, त्याची वीज ज्या जड, काळ्या पेटीतून येते, तिच्यात वस्तुतः वीज नव्हे, तर रासायनिक ऊर्जा साठवलेली असते. सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या शिशाच्या ऋण पट्ट्या अम्लाशी संयोग पावताना इलेक्ट्रॉन मोकळे करतात, आणि ते तारेने, दिव्यातून, शिशाच्या तपकिरी डायऑक्साइडच्या धन पट्ट्यांकडे जातात. देणारी पट्टी देणारीच व घेणारी घेणारीच राहत असल्याने या प्रवाहाची दिशा पालटत नाही. घरातील वीज मात्र सेकंदाला 50 आवर्तने घेते. 1800 साली शास्त्रज्ञ व्होल्टाने जस्त, चांदी आणि मिठाचे पाणी यांच्या चळतीतून असाच एकदिश प्रवाह मिळविला होता. नौकेवरील पेटीचा प्रत्येक कप्पा सुमारे 2 व्होल्टचा, म्हणून सहा कप्प्यांचे 12.

खाऱ्या हवेने पेटीच्या, तारा जोडायच्या अग्रांवर चढणारा निळसर-पांढरा थर क्षुल्लक वाटला, तरी तो प्रवाहाची वाट अडवितो. म्हणून नौकामालकांना कळकळीची विनंती, की अग्रे स्वच्छ पुसून त्यांवर व्हॅसलिन लावावे, आणि समुद्राचे पाणी पेटीत मुळीच जाऊ देऊ नये. त्यातील मिठापासून विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.