भट्टी, रात्रपाळी आणि स्त्रिया

कोल्हापुराहून पुण्याच्या वाटेने निघाले व पंचगंगा ओलांडली, की पुलाची शिरोली लागते. तेथील औद्योगिक वसाहतीचा प्राण म्हणजे ओतकाम. येथील फौंड्रीत स्त्री दिसलीच तर ती बहुधा वाळूचे कोअर घडवताना किंवा कचेरीत हिशेब लिहिताना. भट्टीपाशी हुकूम देताना क्वचितच. ह्याचे कारण स्त्रीच्या अंगबळात शोधण्याची आपल्याकडे रीत आहे. ते घड्याळात शोधणे अधिक उचित होईल.

१९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांस सकाळी ६ ते सायंकाळी ७ एवढ्याच वेळात कामाची मुभा दिली. राज्य सरकारास ह्या वेळा थोड्या सैल करता येत. परंतु रात्री १० ते पहाटे ५ हे तास सर्वथा वर्ज्य होते. हेतू संरक्षणाचा होता, ह्याविषयी शंका नको. आता भट्टीकडे पाहावे. लोखंड वितळविण्यास वीज अपार लागते, आणि महाराष्ट्रात वर्षानुवर्षे मोठ्या कारखान्यांना रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळेत ती सवलतीने मिळे. साहजिकच पुष्कळ ठिकाणी रस रात्री वितळे. रसाची पारख करणे, त्यात काय किती घालावे हे ठरविणे, ओतीव माल बिघडला तर पाळी निभावून नेणे, हे सारे शिक्षण ज्या तासांत होई, नेमक्या त्याच तासांत स्त्रीला दार बंद! मग पर्यवेक्षक कोण होणार, आणि पुढे व्यवस्थापक तरी कोण?

मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली हे बंधन घटनाबाह्य ठरविले. महाराष्ट्राने २०१५ साली, सुरक्षिततेची व ने-आण करण्याची तजवीज मालकाने करावी ह्या अटीवर, रात्रपाळी मोकळी केली. परंतु सदुसष्ट वर्षे न मिळालेला अनुभव कोणत्याही दुरुस्तीने मागाहून देता येत नाही; आणि रात्री घरचे मूल कोणी सांभाळावे, हे तर कायदा सांगतच नाही.

नोकरी नको, स्वतःचाच धंदा काढू म्हटले तर अडचण भांडवलाची. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवड येथे, चेतना सिन्हा ह्यांच्या पुढाकाराने बायकांनी आपली बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. शेळ्या घेण्यास वा लहानसे दुकान थाटण्यास असे कर्ज मोठा आधार होते. भट्टी मात्र लहान कर्जावर बसत नाही. तिला तारण लागते, आणि घराचा उतारा किंवा जमिनीचा सातबारा बहुधा पतीच्या वा सासऱ्यांच्या नावाचा असतो.

माहेरच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला; देशभर तो २००५ साली लागू झाला. तरीही भावाशी वाकडे नको म्हणून कितीतरी बहिणी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून येतात.