आलेखावरील अनोळखी शिखरे



गुणवंत विद्यार्थ्यांच्या या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, म्हणून एका रसायनशास्त्रज्ञाची हकीकत आपणांपुढे ठेवितो.

स्वीडनमधील सोरेन येन्सेन हे १९६४ साली स्टॉकहोम येथे प्राण्यांच्या शरीरातील डीडीटीचे अंश शोधीत होते. तपासणीच्या आलेखावर काही अनोळखी शिखरे पुनःपुन्हा उमटू लागली. उपकरणाचा दोष म्हणून ती सोडून देणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. दोन वर्षे खपून १९६६ साली त्यांनी त्या द्रव्याची ओळख पटविली. ते होते पीसीबी. विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरले जाणारे. पाण्यातून माशांत आणि माशांतून समुद्रगरुडांत ते साठत गेले होते. संग्रहालयातील १९४४ सालच्या गरुडाच्या पिसांतही ते सापडले. अखेर त्यांनी आपल्या घरच्यांचे केस तपासले, तो तान्ह्या मुलीच्या केसांतही तेच द्रव्य!

पुढे २००१ साली त्याच स्टॉकहोम नगरीत अशा टिकाऊ विषांना आळा घालणारा जागतिक करार झाला. २००६ साली भारतानेही त्यास मान्यता दिली.

बालमित्रांनो, मी आयुष्यभर गणित शिकविले. ताळा न जुळणारा आकडा मुकाट्याने खोडणारे विद्यार्थी पुष्कळ पाहिले. क्वचित् मीही तो खोडला आहे. तुम्ही तसे करू नका. ज्याचा उलगडा होत नाही, तेथेच थांबा व शोध घ्या.