आठवीपासूनच कॉलेजची तयारी
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले आणि 1946 साली त्यांनी आपल्यासाठी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले. आपण मात्र कॉलेजचा विचार बारावीच्या निकालानंतर करतो. आमच्या घरी तेच झाले. मुलीला मार्क चांगले होते, पण जात पडताळणीचे प्रमाणपत्र वेळेत नव्हते. राखीव जागा हातची गेली, वर्ष वाया गेले. चूक आमचीच, आम्ही उशिरा जागे झालो.

म्हणून सांगतो, मूल आठवीत गेले की कामाला लागा. एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. शाळेच्या रजिस्टरातले नाव, जात, जन्मतारीख नीट पाहून घ्या. आजोबा-पणजोबांचा 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा गावच्या शाळेतून, तहसिलातून आताच काढून ठेवा. अकरावी सायन्सला गेल्याबरोबर पडताळणीचा अर्ज भरा.

'शिका' हे आपण विहाराच्या भिंतीवर लिहिले आहे. ते वेळेवर घराघरांत नेऊ या.

नमो बुद्धाय! जयभीम!