रडार सुदूर संवेदन आणि तरुण संशोधक

(विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एका जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



30 जुलै 2014 या दिवशी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगराचा कडा कोसळून त्याखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे त्यात दगावली. त्यानंतर बरोबर अकरा वर्षांनी, 30 जुलै 2025 रोजी, श्रीहरिकोटा येथून निसार हा उपग्रह अवकाशात सोडण्यात आला. तारखांचा हा मेळ निव्वळ योगायोगाचा आहे. परंतु ज्या डोंगरउतारांवर आषाढ-श्रावणात दिवसचे दिवस ढग उतरलेले असतात, तेथील जमीन किंचित जरी सरकली, तरी ती हालचाल मोजता यावी हा या उपग्रहाच्या अनेक हेतूंपैकी एक आहे. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ मी येथून करीत आहे.

नेहमीच्या उपग्रहातील कॅमेरा सूर्यप्रकाशावर अवलंबून असतो. रात्री त्याला दिसत नाही आणि ढगांपलीकडचेही दिसत नाही. ज्या चार महिन्यांत आपल्याला उपग्रहाची गरज सर्वांत अधिक, नेमक्या त्याच चार महिन्यांत तो आंधळा होतो. रडारचे तसे नाही. ते स्वतःच सूक्ष्मलहरी सोडते आणि जमिनीवरून परतलेला प्रतिध्वनी टिपते. या लहरी ढगांतून पार होतात. शिवाय एकाच जागेवरून पुनःपुन्हा परत आलेल्या लहरींची तुलना केली, तर मधल्या काळात जमीन काही सेंटिमीटर, किंबहुना त्याहूनही कमी, वर-खाली झाली असल्यास तेही उमगते. अर्थात अकस्मात कोसळणारी प्रत्येक दरड आधी कळेल असे समजणे चुकीचे ठरेल. हळूहळू सरकणारा उतार मात्र आपली खूण सोडून जातो.

ही विद्या आजची नव्हे. अमेरिकेने 1978 साली सीसॅट हा उपग्रह सोडला. तो जेमतेम साडेतीन महिने चालला, परंतु अवकाशातील रडारने काय साधते ते त्याने जगाला दाखविले. भारताने 1979 च्या भास्कर उपग्रहावर सूक्ष्मलहरी मोजणारे उपकरण बसविले होते. पुढे संपूर्णपणे आपल्याकडे घडविलेले रडार घेऊन रिसॅट-1 हा उपग्रह 26 एप्रिल 2012 रोजी गेला. 2022 च्या फेब्रुवारीत ईओएस-04 गेला आणि त्यानंतर भारत व अमेरिका यांनी मिळून तयार केलेला निसार. त्याची पसरलेली जाळीदार थाळी 12 मीटर व्यासाची आहे. दर 12 दिवसांनी तो त्याच वाटेवर परततो. त्यावर दोन रडारे आहेत. अमेरिकेच्या रडारची लहर सुमारे 24 सेंटिमीटर लांबीची, तर अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात तयार झालेल्या आपल्या रडारची सुमारे 9 सेंटिमीटरची.

येथे एक कबुली देतो. मी कला शाखेचा पदवीधर. रडारची प्रतिमा प्रथम पाहिली, तेव्हा ती बिघडलेल्या छपाईची प्रत असावी असे मला वाटले. करडे ठिपके आणि मधूनच काळे पट्टे, एवढेच त्यात दिसत होते. एका तरुण अभ्यासकाने मला समजावून दिले, की संथ पाण्यावर तिरपी पडणारी लहर आरशावरच्या कवडशासारखी पुढे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून पाणी काळे दिसते. मी म्हणालो, "म्हणजे पूर शोधणे सोपेच की!" तो हसला व म्हणाला, "साहेब, उसात सोपे नाही."

त्याच्या या एका वाक्यात आजच्या भाषणाचा गाभा आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा व पंचगंगा यांना महापूर आला. सांगली-कोल्हापूरची शिवारे पाण्याखाली गेली आणि वर आभाळ झाकलेले होते. युरोपच्या सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाच्या प्रतिमा त्या काळातल्या उपलब्ध आहेत व त्यांवरून पुढे बरेच अभ्यास झाले. उघड्या रानातले पाणी त्यांत स्पष्ट दिसते. परंतु पुरुषभर उंचीचा ऊस उभा असेल, तर सेंटिनेलची सुमारे साडेपाच सेंटिमीटरची लहर पानांवरच अडखळते आणि खाली कंबरभर पाणी असूनही शेत कोरडे असल्यासारखे भासू शकते. अधिक लांबीची लहर पानांतून खाली उतरते, पाण्यावर व बुंध्यावर आदळून परतते. तेव्हा तेच शेत काळे न दिसता उलट उजळ दिसण्याची शक्यता असते. म्हणजे एकाच पुराच्या दोन खुणा, एक काळी व एक पांढरी! किती उंचीच्या व किती दाट पिकात कोणती खूण खरी मानावी, हे कार्यालयात बसून ठरत नाही. त्यासाठी कोणीतरी गमबूट घालून शेतात उतरावे लागते, पिकाची उंची व पाण्याची खोली मोजावी लागते आणि ती मोजमापे त्याच दिवशीच्या प्रतिमेशी ताडून पाहावी लागतात. पूर ओसरल्यावर होणाऱ्या पंचनाम्यांशी ज्या शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न बांधलेले असते, त्याच्या दृष्टीने हा केवळ पुस्तकी प्रश्न नाही.

निसारकडून तयार होणारी माहिती दिवसाला सुमारे 80 टेराबाईट इतकी असेल असा अंदाज सांगितला जातो आणि ती सर्वांना विनामूल्य खुली ठेवण्याचे धोरण आहे. सेंटिनेलच्या प्रतिमाही विनामूल्यच आहेत. प्रतिमांची वाण आता नाही. वाण आहे ती त्या वाचणाऱ्यांची. आणि ऊस, भात, सह्याद्रीचा उतार ज्यांनी जन्मापासून पाहिला आहे अशा वाचणाऱ्यांची तर फारच. तुमच्याकडून अपेक्षा आहे ती याच जागी.

आता प्रत्यक्ष पदांविषयी. हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र, अहमदाबादचे अवकाश उपयोजन केंद्र, डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था यांच्या जाहिराती वेळोवेळी निघतात. आपल्या राज्यात पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शेतीपिकांच्या रडार निरीक्षणाचा अभ्यास होत आला आहे. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, तसेच राष्ट्रीय केंद्राचे प्रादेशिक केंद्रही आहे. पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा गेट यांसारखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्र म्हणून घेतले जाते. केंद्र शासनाने 1 जानेवारी 2023 पासून लागू केलेल्या दरांनुसार त्यास दरमहा 37,000 रुपये व नियमानुसार घरभाडे मिळते. दोन वर्षांनंतर काम समाधानकारक असल्यास वरिष्ठ अधिछात्र म्हणून 42,000 रुपये. पीएच.डी. झालेल्या संशोधन सहयोगीस आरंभी 58,000 रुपये. वयोमर्यादा जाहिरातीगणिक वेगळी असते, ती नीट वाचून पाहावी. परदेशातही वाटा आहेत. म्युनिकजवळ ओबरफाफेनहोफेन येथे जर्मन अवकाश संस्थेची या विषयाला वाहिलेली मोठी संस्था आहे. परंतु आधी घरचे दार ठोठवावे, असे माझे मत.

अशाच एका मेळाव्यात एका माउलीने मला उभे राहून विचारले होते, "साहेब, ही नोकरी कायमची का?" सभागृहात थोडा हशा झाला. मला मात्र हसू आले नाही. तिचा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याचे सरळ उत्तर "नाही" असे आहे. ही पदे मुदतीची असतात. प्रकल्प संपला की पद संपते. अधिछात्रवृत्तीचे पैसे काही वेळा उशिराने हाती पडतात आणि परगावी खोलीचे भाडे थांबत नाही. कायम जागा निघतात त्या थोड्या व त्यांना स्पर्धा मोठी. हे झाकून ठेवून जो केवळ अवकाशाच्या गोष्टी सांगतो, तो तुमचे हित करीत नाही. तथापि एवढे ध्यानात घ्यावे, की त्या चार-पाच वर्षांत हाती येणारे कसब केवळ एका संस्थेपुरते नसते. पीकविमा, धरणांची देखरेख, खाणी, नगररचना अशा अनेक क्षेत्रांत ते उपयोगी पडू शकते. ज्या घरात दुसरा मिळवता हात नाही, त्यांनी हा हिशेब पुरता मांडूनच पाऊल टाकावे.

पूर्वतयारीस पैसा लागत नाही, चिकाटी लागते. भौतिकशास्त्रातील लहरींचे प्रकरण परीक्षेपुरते न वाचता समजून घ्यावे. गणितातील संमिश्र संख्यांना घाबरू नये, कारण रडारची सारी भाषा त्यांतच आहे. संगणकावर पायथन शिकावी. डेहराडूनची संस्था दूरशिक्षणाने विनाशुल्क अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालविते, त्यांची नोंदणी महाविद्यालयामार्फतही होऊ शकते. युरोपीय अवकाश संस्थेची स्नॅप ही प्रणाली विनामूल्य मिळते. आपल्या तालुक्याची एक रडार प्रतिमा उतरवून घ्यावी आणि ती हातात धरून शिवारात फिरावे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी इंग्रजीचा न्यूनगंड बाळगू नये. अर्ज व शोधनिबंध इंग्रजीत लिहावे लागतात हे खरे, पण ती सवयीने साधणारी गोष्ट आहे. बांधावरचे निरीक्षण सवयीने येत नाही, ते तुमच्याजवळ आधीच आहे. प्राध्यापकांना एक विनंती. जाहिराती संकेतस्थळावर निघतात आणि अर्जाची मुदत थोडी असते. त्यांची प्रत काढून ती सूचनाफलकावर लावण्याचे काम विभागात कोणीतरी अंगावर घ्यावे. आमच्या कार्यालयाकडे आल्यास आम्हीही ती पोहोचवू.

ऑगस्ट 2019 मधील कृष्णाकाठची एक रडार प्रतिमा मोठी छापून मी सोबत आणली आहे. ती बाहेर टेबलावर ठेवली आहे. चहाच्या वेळी अवश्य पाहावी. काळे दिसणारे सगळेच पाणी नाही आणि पाणी असलेले सगळेच काळे नाही. आपले गाव त्यात सापडते का, ते शोधावे. कडेला पेन्सिल ठेवलेली आहे. जेथे शंका वाटेल तेथे खूण करावी.