माहेरचा वाटा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात धंतोली, नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



स्त्रीपुरुषसमानतेवर बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा या विषयात सांगण्यासारखे आता काय उरले आहे, असे आम्हांस प्रथम वाटले. आपल्या मुली डॉक्टर होतात, वकिली करतात, परदेशी जातात. त्यांचे सत्कार याच व्यासपीठावर दरवर्षी होत असतात. म्हणून शिक्षणाविषयी आम्ही काही बोलणार नाही. सत्कारसभेत ज्या गोष्टीचा सहसा उच्चार होत नाही, त्या मुलीच्या वाट्याविषयी बोलावयाचे आम्ही ठरविले आहे.

हॉलंड, म्हणजे नेदरलँड्स, हा देश स्त्रीस्वातंत्र्याच्या बाबतीत पुढारलेला म्हणून आपण ऐकतो. परंतु त्याच देशात विवाहित स्त्री विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कायद्याने जवळजवळ अज्ञान बालकासारखी समजली जात असे. पतीच्या संमतीवाचून तिला साधा करारही करता येत नसे. हे बंधन दूर करणारा कायदा तेथे १४ जून १९५६ रोजी संमत झाला आणि १ जानेवारी १९५७ पासून अमलात आला. आपला हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ चा. अंतर अवघ्या तीन दिवसांचे! गंमत अशी की, डच मुलीला बापाच्या मिळकतीत भावाइतका वाटा त्याआधी शतकाहून अधिक काळ कायद्याने मिळत होता. फक्त लग्न होताच त्याचा कारभार नवऱ्याच्या हाती जाई. आपल्याकडे स्त्रीधनावर स्त्रीचा हक्क शास्त्राने मानलेला होता. पण भाऊ असलेल्या मुलीला बापाच्या घरात आणि शेतात वाटा नव्हता.

आपल्याकडील ही वाट सोपी नव्हती. १९३७ साली डॉ. देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, तोही हयातीपुरता. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित भगिनींची अखिल भारतीय परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि घटस्फोटाचा हक्क व बहुपत्नीत्वाची बंदी यांची मागणी तेथे उघडपणे झाली. स्वतःस सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजांनी हे स्मरणात ठेवावे. पुढे हिंदू संहितेचे विधेयक रखडले. १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचे एक प्रमुख कारण हेच होते. अखेर १९५६ चा कायदा झाला, तेव्हा लोकसभेत नागपूरचे प्रतिनिधित्व अनसूयाबाई काळे करीत होत्या.

त्या कायद्याने बापाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत, मृत्युपत्र नसेल तर, मुलगा, मुलगी, विधवा आणि आई यांना सारखा वाटा दिला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मसिद्ध हक्क मात्र मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींनाही दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून संपूर्ण देशात हा भेद गेला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. कायद्याचे काम येथे बरेचसे झाले आहे. आपले झालेले नाही.

आपण जेथे बसलो आहोत ती धंतोलीच पाहा. प्रशस्त आवाराचे बंगले जाऊन त्या जागी इस्पितळे आणि सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. अशा प्रत्येक व्यवहारात बांधकाम करणारा सर्व वारसांच्या सह्या मागतो, आणि मग ज्या बहिणीची वर्षभर आठवण होत नाही, तिला निरोप जातो. तेराव्याच्या सुमारास, घरात अजून वडिलांचा फोटो हार घालून ठेवलेला असतो, तोच हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे येतो. "राजीखुशीने, कोणत्याही दडपणाखाली न येता, विनामोबदला" हे शब्द त्यात आधीच टंकलिखित असतात. बहीण वाचीत नाही. वाचू लागली तर वहिनीचा चेहरा बदलतो. दुय्यम निबंधकाकडे सही आणि अंगठा होतो, साडी दिली जाते, आणि पुढे घराच्या कागदावरून तिचे नाव कायमचे निघते. नोंदलेले हक्कसोडपत्र रद्द करून घेणे किती कठीण, हे वकीलबंधू सांगतील.

स्वेच्छेने हक्क सोडणाऱ्या भगिनींविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. भाऊ खरोखर अडचणीत असेल तर असा त्याग शोभून दिसतो. परंतु "लग्नात खर्च केला" हा जो युक्तिवाद ऐकू येतो, त्यास आमचे उत्तर असे की, मुलाच्या वैद्यकीय शिक्षणावर झालेला खर्च त्याच्या वाट्यातून कोणी वजा केल्याचे आम्ही पाहिलेले नाही. "तिला सासरी मिळेलच" हेही तितकेच पोकळ; पतीच्या हयातीत सासरच्या मिळकतीत सुनेचा वारसाहक्क उत्पन्न होत नाही. एका मुद्द्यास मात्र वजन आहे. म्हातारपणी आईवडिलांना ज्याने सांभाळले, त्याचा विचार व्हावा. तो विचार आईवडिलांनीच मृत्युपत्रात स्वच्छ शब्दांत करावा. आणि सांभाळणारी मुलगी असेल, तर तिलाही हाच न्याय लागू करावा. आज अशी घरे थोडी नाहीत.

ज्या भगिनी स्वतः कमावतात त्यांच्यासाठी एक सूचना येथेच करतो. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिच्यामागे पती व मुले नसतील, तर तिची स्वकष्टाची मिळकत प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. १९५६ च्या कायद्यातील हा भेद अद्याप गेलेला नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमक्ष, करता येते. ते म्हातारपणीच करावयाचे असते हा गैरसमज आहे.

हॉलंडमध्येही सर्व आलबेल आहे असे नाही. बहुसंख्य नोकरदार स्त्रिया तेथे आजही अर्धवेळ काम करतात, आणि त्यामागे घर व मुले यांची जबाबदारी हे मोठे कारण आहे. तेव्हा केवळ त्यांच्याकडे पाहून आपल्याला उत्तर सापडेल असे आम्ही मानीत नाही.

आता मंडळापुढे दोन विनंत्या. आपल्या कुटुंबसूचीत कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचेच नाव येते आणि लग्न झालेली मुलगी पुढील आवृत्तीत सूचीतून नाहीशी होते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र सरकारने बंधनकारक केले आहे. सूचीनेही तेवढे तरी करावे आणि विवाहित मुलींची नावे माहेरच्या नोंदीत कायम ठेवावीत. दुसरे असे की, मंडळातील वकील सभासदांनी महिन्यातून एक रविवार येथे बसावे. हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी ज्या भगिनीस मसुदा समजून घ्यावयाचा असेल, तिला तो कोणी तिऱ्हाइताने वाचून दाखवावा. भावाने सोबत यावयास हरकत नाही. वाचन चालू असता त्याने बाहेरच्या ओसरीवर बसावे.