न्यायमूर्ति विल्यम गॅस्टन : एका श्रद्धावंत वकिलाचें चरित्र



देवालयाच्या महोत्सवाचे दिवशीं संतांचीं चरित्रें सांगण्याची आपली रीत आहे. आज मी ज्या गृहस्थांचें चरित्र सांगणार आहें, त्यांस ख्रिस्तसभेनें संतपद दिलेलें नाहीं. ते एका लहान गांवचे वकील, आपल्या राज्याच्या कायदेमंडळाचे सभासद आणि मोठ्या मळ्याचे धनी होते. प्रपंचांत राहून श्रद्धा कशी राखावी, आणि ती राखतांना माणूस कोठें उणा पडतो, या दोन्ही गोष्टी त्यांच्यापासून शिकण्यासारख्या आहेत.

विल्यम गॅस्टन यांचा जन्म अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत, न्यू बर्न या गांवीं, १९ सप्टेंबर १७७८ रोजीं झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमींत, १७८१ सालीं, इंग्रज राजाच्या पक्षाच्या लोकांनीं त्यांना गोळी घालून ठार केलें. विल्यमला तेव्हां पुरतीं तीन वर्षेंही झालीं नव्हतीं. आई मार्गारेट ही कॅथोलिक होती. त्या राज्यांत आपल्या धर्माचीं माणसें अगदीं तुरळक. तरीही त्या विधवा माउलीनें मुलाच्या हृदयांत श्रद्धेचा दिवा विझूं दिला नाहीं. १७९१ सालीं जॉर्जटाउन येथें कॅथोलिक विद्यालय उघडलें, तेव्हां त्याचा पहिला विद्यार्थी हाच तेरा वर्षांचा मुलगा होता. पुढें १७९६ सालीं प्रिन्स्टन येथें ते पदवीधर झाले, १७९८ सालीं त्यांनीं गांवींच वकिली मांडली, आणि १८०० सालीं राज्याच्या सेनेट सभेंत ते निवडून आले.

बंधुभगिनींनो, येथें एक मोठी अडचण होती. त्या राज्याच्या १७७६ च्या घटनेचें बत्तिसावें कलम असें होतें कीं, जो प्रॉटेस्टंट धर्माची सत्यता नाकारील त्यास राज्यांत अधिकारपद मिळूं नये. गॅस्टन यांनीं आपला धर्म कधींही लपविला नाहीं. बिशप जॉन इंग्लंड हे १८२१ सालीं न्यू बर्नला आले, तेव्हां मिस्साबलिदान गॅस्टन यांच्याच घरीं झालें. तेथील धर्मग्रामाचा आरंभ हाच होय. देवालय दगडविटांचें होण्यापूर्वीं तें कोणाच्या तरी घरांत आणि अंतःकरणांत उभें राहावें लागतें, हें आपण आजच्या दिवशीं विसरूं नये.

१८३३ सालीं त्यांस राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे न्यायाधीश नेमिलें. त्या संदिग्ध कलमानें कॅथोलिकास बंदी होत नाहीं, असा पूर्ण विचारांतीं निर्णय करून त्यांनीं तें पद स्वीकारिलें. दुसरा एखादा तेवढ्यावर स्वस्थ बसला असता. परंतु १८३५ सालीं घटना सुधारण्यासाठीं राले येथें परिषद भरली, तेव्हां गॅस्टन तेथें उभे राहिले आणि त्यांनीं केवळ कॅथोलिकांसाठीं नव्हे, तर अधिकारपदासाठीं धर्माची अटच नसावी म्हणून वाद घातला. परिषदेनें ‘प्रॉटेस्टंट’ शब्द काढून ‘ख्रिस्ती’ हा शब्द घातला. आपल्या लोकांस दार उघडलें. यहुदी बांधव मात्र बाहेरच राहिले. त्यांच्यासाठीं तें १८६८ सालीं उघडलें.

आतां एक कटु गोष्ट. गॅस्टन यांच्या मळ्यावर गुलाम राबत असत, आणि ते त्यांचे स्वतःचे गुलाम होते. १८३२ सालीं चॅपल हिल येथील विद्यार्थ्यांपुढें भाषण करितांना, गुलामगिरी राज्याचा घात करीत आहे, ती तुम्हीं नाहींशी करावी, असें त्यांनीं निर्भयपणें सांगितलें. १८३४ सालीं विल नांवाच्या गुलामाच्या खटल्यांत, आपला जीव वांचविण्यासाठीं प्रतिकार करणारा गुलाम खुनी ठरत नाहीं, असा निकाल त्यांनीं दिला व त्यास फांशींतून वांचविलें. १८३८ च्या मॅन्युएल खटल्यांत, मुक्त झालेला गुलाम राज्याचा नागरिक होय, असें त्यांनीं लिहिलें. न्यायासनावर हा विवेक जागा होता. मग मळ्याच्या कुंपणाशीं येऊन तो कां थांबला? २३ जानेवारी १८४४ रोजीं त्यांचें निधन झालें, आणि हा प्रश्न त्यांच्या मागें उरला.

त्यांचा न्याय करणें परमेश्वराकडे आहे. आपण तो प्रश्न आपल्या घरीं न्यावा. आपल्या देशांत १९५० पासून राज्यघटनेनें धर्मस्वातंत्र्य दिलें आहे. मत देण्यास वा पद घेण्यास कोणाचा धर्म आड येत नाहीं. तेव्हां आपणांपैकीं जे कोर्टांत जातात, जे पंचायतींत बसतात, त्यांनीं गॅस्टन यांच्याप्रमाणें परक्याच्या हक्कासाठींही बोलावें. आणि ज्यांच्या वाड्या आहेत, त्यांनीं संध्याकाळीं जपमाळ हातीं घेण्यापूर्वीं एवढें पाहावें कीं, आज आपल्या वाडींत राबलेल्या मजुराच्या हातीं त्याची मजुरी पडली आहे किंवा नाहीं.

प्रभु येशू आपणां सर्वांस तशी सद्बुद्धि देवो. आमेन.